बिनपदराचं लुगडं

शहापुरात मी आलो तेव्हा मला दोनच गोष्टी येत होत्या: खडी फोडणं आणि काळजी करणं. आमचं गाव जतच्या पलीकडं, माळावर. शाळा सहावीत सुटली. सुटली म्हणजे काय, दुष्काळाच्या सालात मास्तर हजेरी घ्यायचे आणि आम्ही रस्त्याच्या कामावर पाट्या उचलायचो. पुढं एका नात्यातल्या माणसानं मला बेळगावला आणलं आणि शहापूरच्या एका गल्लीत, एका विणकराच्या दारात उभं केलं. त्यांना सगळी गल्ली आप्पा म्हणायची. त्यांनी माझे हात उलटेपालटे करून बघितले, म्हणाले, ह्या हातांनी धागा धरला तर तुटंल, पण बघू. आणि घरात घेतलं. मागावर बसवलं, दोन वेळचं जेवायला घातलं. त्या माणसाचं माझ्यावर जे ऋण आहे ते लिहायला बसलो तर हा कागद पुरायचा नाही.

ही गोष्ट त्यानंतर पाच वर्षांनी घडलेली. सत्तर सालानंतरचे दिवस, मी बाविशीतला. स्वतंत्र मागावर बसत होतो. आमचा माग खड्ड्यातला. खड्ड्यात पाय सोडून बसायचं, पायानं पावड्या दाबायच्या, हातानं आडव्या धाग्याचा धोटा मारायचा. एका ताण्यावर, म्हणजे मागावर ताणलेल्या उभ्या धाग्यांवर, चार-पाच लुगडी एकापाठोपाठ विणली जायची. आधी लुगड्याचं अंग, शेवटी पदर. पदर झाला की चार बोटं ताणा तसाच मोकळा सोडायचा आणि पुढच्या लुगड्याला हात घालायचा. नंतर कापड उतरवून त्या मोकळ्या जागी कात्री लावली की लुगडी सुटी झाली. ह्यात चुकण्यासारखं काही नाही, असं आप्पा म्हणायचे.

मी चुकलो. एका लुगड्याचं अंग विणून झालं होतं आणि पदराला सुरुवात करणार तेवढ्यात गावाकडचं पत्र आलं. आईनं कुणाकडून तरी लिहून घेतलेलं. पत्रात काही नव्हतं. शेळीला दोन करडं झाली, विहिरीला अजून पाणी आहे, तू खोकत तर नाहीस ना. पण मी ते तीनदा वाचलं. चार महिन्यांनी आलेलं पत्र एकदाच वाचून कसं चालेल? परत खड्ड्यात उतरलो तेव्हा डोक्याला वाटलं की लुगडं पुरं झालंय, म्हणून चार बोटं ताणा सोडला. हातांना मात्र ठाऊक होतं की आता पदर विणायचाय, म्हणून त्यांनी पदर विणला. मग त्यालाच जोडून पुढच्या लुगड्याचं अंग, आणि शेवटी नेहमीच्या सवयीनं पुन्हा पदर. माझं डोकं आणि माझे हात, दोघांनीही आपापलं काम चोख केलं. फक्त एकमेकांना विचारलं नाही.

गुरुवारी कापड उतरवलं, कापलं, दोन्ही लुगड्यांच्या घड्या मीच घातल्या, तेव्हाही ध्यान पत्रातच. त्याच दिवशी खानापूरच्या जंगलातले गवळी मामा आले होते. ते धनगर गवळी, रानात म्हशी राखणारे. दरवर्षी आप्पांकडंच लुगडी घ्यायचे. ह्या खेपेला मुलीचं लग्न होतं, सोमवारचं. आप्पा नेमके बाहेर गेलेले. मामांना परतीची गाडी गाठायची होती. त्यांनी घडीवरूनच काठ चाचपला, लाल रंग बघितला, मान हलवली. घडी मीच त्यांच्या हातात दिली, मीच पिशवीत बांधून दिली, आणि मनात म्हटलंसुद्धा, नवरीच्या अंगावर आपण विणलेलं लुगडं पडणार.

शुक्रवारी लुगडं बघायला खासबागेतनं एक बाई आल्या. आप्पांच्या मंडळींनी, म्हणजे आमच्या आक्कांनी, उरलेलं लुगडं त्यांच्यापुढं उलगडलं. ह्या टोकाला पदर, त्या टोकालाही पदर.

“अगं बया,” आक्का म्हणाल्या, “ह्ये तर दुतोंड्या साप.”

त्या हसत होत्या, मी हिशेब करत होतो. एकाला दोन पदर म्हणजे दुसऱ्याला एकही नाही. आणि ते दुसरं रानात गेलं होतं.

आप्पा ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी निपाणीची तंबाखू चुना लावून मळली, दाढेत धरली, आणि विचारलं, दुसरं कुठाय? मी सांगितलं. 

“नवऱ्याघरी जाताना आई पोरीच्या पदरात ओटी घालत असती,” ते म्हणाले. “तांदूळ, नारळ. आता काय तुझ्या टोपीत घालायची?”

 माझ्या आधी त्या मागावर बसणाऱ्या माणसानं एकदा दोन लुगडी हातभर आखूड विणली होती. आठवड्यात तो आपल्या गावाला परत गेला आणि त्याच्या जागी मी बसलो. हे मला पक्कं माहीत होतं. माझ्या जागी बसायला गल्लीत दोघं तरी टपलेले होते, हेही माहीत होतं.

आप्पांनी दोन पदरांचं लुगडं तसंच फडक्यात बांधून माझ्याकडं दिलं. म्हणाले, पदर जादा झाला म्हणून कोण भांडत न्हाय. ह्ये दे, त्ये घेऊन ये. ऐतवारी हितं पायजेस. आक्कांनी भाकरी बांधून दिली, वर जाताजाता कानटोपीही दिली, रानात गार असतं म्हणून.

शनिवारी सकाळी स्टेशनावर गेलो. पाच वर्षं बेळगावात राहून मी गल्ली, कापडबाजार आणि देऊळ ह्यापलीकडं गेलो नव्हतो. मला कन्नड येत नव्हतं. तिकिटाच्या खिडकीतल्या माणसानं विचारलं, “यल्लिगे?” मी “खानापूर, खानापूर, खानापूर” असं तीनदा म्हटलं. तो मराठीत म्हणाला, एकच तिकीट देऊ का तीन?

कोळशाच्या इंजिनाची गाडी. खिडकीशी बसलो आणि बांधलेलं लुगडं दोन्ही हातांनी पोटाशी धरलं. भात कापून झालेली खाचरं, गवताच्या गंज्या, मग हळूहळू झाडं जवळ यायला लागली. आमच्या गावाकडं झाड दिसलं की तिथं देऊळ किंवा विहीर असते. इथं झाडं कशालाच लागून नव्हती. नुसती होती.

खानापुरात उतरलो तर सगळ्या गावाला ओल्या लाकडाचा वास. लाकडाच्या वखारीपाशी एक लॉरी रानाकडं रिकामी निघाली होती, तिच्या ड्रायव्हरला मी मामांचा गवळीवाडा विचारला. त्यानं मागं बोट दाखवून “कूडरी” म्हटलं. बस म्हणतोय एवढं कळलं, मागं चढलो. दोन तास मी त्या लॉरीच्या फळीला धरून उभा होतो. वर आभाळ दिसेना, नुसता पाला. एका ठिकाणी फांदीवरनं तांबडं, मांजराएवढं काहीतरी दुसऱ्या झाडावर उडालं. शेपूट अंगापेक्षा मोठं. ती खार होती, शेकरू, हे नंतर कळलं. तेव्हा मी देवाचं नाव घेतलं.

ड्रायव्हरनं एका ओढ्यापाशी उतरवलं आणि पायवाट दाखवली. वाहतं पाणी, तेही थंडीच्या दिवसांत, कुणाचं नाही, कुणी भांडत नाही. मी आधी प्यालो, मग तोंड धुतलं, मग उगाच हात बुडवून बसलो. घरी कळवलं तर कुणाचा विश्वास बसला नसता.

वाटेनं अर्धा तास चाललो असेन. गवळीवाडा दिसेना. मन म्हणायला लागलं, चुकलास, इथं पण चुकलास. इतक्यात पुढं झाडांत एक काळीभोर म्हैस उभी दिसली. केवढी तरी! चारी पाय गुडघ्यापर्यंत पांढरे. माझ्या जिवात जीव आला. म्हैस आहे म्हणजे गवळी जवळच असणार. मी “ह्यो, ह्यो” करत तिच्याजवळ दहा पावलांवर गेलो आणि मोठ्यानं विचारलं, मालक हैत का हितं? ती मान वर करून माझ्याकडं बघत राहिली. मग नाकातनं असा फुत्कार टाकला की पाला उडाला, आणि वळून झाडं मोडत निघून गेली. बुजरी आहे, असं मनाशी म्हणत मी पुढं गेलो.

गवळीवाड्यात सात-आठ घरं. गवतानं शाकारलेली, बसकी. एकाच छपराखाली अर्ध्यात माणसं आणि अर्ध्यात म्हशी. लग्नाचं घर लगेच कळलं, दारात आंब्याचे डहाळे लावलेले. गवळी मामा अंगणात होते. मला बघून ते हसले नाहीत, रागावलेही नाहीत, फक्त घराकडं तोंड करून म्हणाले, आला बघ.

म्हणजे त्यांना कळलेलं होतं.

आतून मामांची बहीण आली. नवरीची आत्या. काटकुळी, गुडघ्याच्या वर खोचलेलं लुगडं, हातात विळा. गवत कापून आली होती, पण मला ते तसं वाटलं नाही. तिनं मला वरपासून खालपर्यंत बघितलं. शहापूरची माणसं आता निम्मंच कापड इकायला लागली काय, म्हणून विचारलं. मी म्हटलं, फसवलं न्हाय, चुकलं माझं. मग ती भावाकडं वळली.

“म्हैस घेताना पार शेपटापत्तोर चाचपतोस,” ती म्हणाली. “लुगड्याला शेपूट हाय का न्हाय बघायला काय झालतं रं?”

मामा म्हणाले, काठ बघणं बाप्याचं काम, पदर बायकांनी बघायचा. त्यावर घरातल्या सगळ्या बायका एकदम बोलायला लागल्या आणि माझ्यावरचं लक्ष थोडं कमी झालं. मी तेवढ्यात गाठोडं सोडलं. दोन पदरांचं लुगडं पुढं ठेवलं आणि म्हटलं, हे घ्या, ते द्या.

कुणी हात पुढं केला नाही. आत्यानं मला आत नेऊन देवाची जागा दाखवली. माझं लुगडं तिथं देवापुढं घडी करून ठेवलेलं होतं. त्याला हळद लावलेली होती. त्यांच्यात देवापुढं ठेवून हळद लावलेलं लग्नाचं लुगडं परत जात नाही. ते नवरीचंच. बदलायचं नाही, दुसरं नेसवायचं नाही. पदर नसल्याचं त्यांना हळद लावल्यावर कळलं होतं, घडी उलगडताना. तेव्हापासून नवरीच्या आईनं पाणी प्यायलेलं नव्हतं म्हणे. ती कोपऱ्यात बसली होती, माझ्याकडं न बघता. पोरीची ओटी कशात घालू, एवढंच तिनं विचारलं, तेही मला नाही, चुलीला.

मी ओसरीवर येऊन बसलो. नवरी मला ताक घेऊन आली. अठरा-एकोणीस वर्षांची असेल. वाटेत भ्या वाटलं का, तिनं विचारलं. काहीतरी बोलावं म्हणून मी सांगितलं, न्हाय, तुमची एक म्हैस भेटली, पांढऱ्या पायांची, पण लई बुजरी. तिनं विचारलं, पाय गुडघ्यापर्यंत पांढरं? मी म्हटलं, व्हय. ती ताकाचं भांडं तिथंच ठेवून आत पळाली आणि घरात हसण्याचा जो दणका उडाला तो मला अजून ऐकू येतो. आत्या डोळे पुसत बाहेर आली.

“गव्याला मालकाचा पत्ता इचारलास व्हय रं?” ती म्हणाली. “तुला मारला कसा न्हाय त्यानं!”

तो गवा होता हे मला तेव्हा कळलं, तास होऊन गेल्यावर. पण त्या हसण्यानं एक झालं. नवरीची आई उठून पाणी प्यायली.

मी दोन्ही लुगडी मागून घेतली आणि अंगणात उन्हाला शेजारी-शेजारी पसरली. बिनपदराच्या लुगड्याच्या टोकाला दोन बोटं ताणा मोकळा लोंबत होता. दुसऱ्याच्या जादा पदरालाही दोन बोटं ताणा तसाच. कात्रीनं मधोमध तुटलेले, पण एकाच ताण्याचे. इकडच्या प्रत्येक धाग्याचा जोडीदार तिकडं होता, त्याच जागी. मागावर एक ताणा संपला की नवा ताणा जुन्याला आम्ही असाच जोडतो, एकेक धागा राख लावलेल्या बोटांनी पिळून. ते काम मला येत होतं. पण ते मागावर, ताणलेल्या धाग्यांवर. इथं अंगणात, मोकळ्या कापडावर कुणी केलेलं मी बघितलं नव्हतं. त्यासाठी जादा पदर आधी दुसऱ्या लुगड्यापासून कापायला हवा होता. आणि जोड नीट बसला नाही तर पदरही जायचा, हळदीचं लुगडंही जायचं, आणि मग आप्पांना तोंड दाखवायला शहापूर नव्हतं.

मी मामांना हे सगळं सांगितलं. ते म्हणाले, मला म्हशीतलं कळतं. बायकांना विचारलं. आत्या म्हणाली, तुझ्या हातनंच तुटलं, तुझ्या हातनंच जोडंल. नवरीच्या आईनं आतनं विळी आणून माझ्यापुढं ठेवली.

रविवारी उजाडताच मी पदर कापला. तो विळीचा आवाज मला आवडला नाही. अंगणात चार खुंट्या ठोकून दोन्ही तुकडे ताणून बांधले, समोरासमोर, आणि चुलीतली राख घेऊन बसलो. पहिला धागा, त्याचा जोडीदार. पिळ, ओढ, सोड. पहिले शंभर धागे होईपर्यंत मी श्वास धरून होतो. दोन हजारांवर धागे होते. आज मी शहापुरात असायला हवा होतो, हे शंभरदा मनात आलं. पण कोवळं ऊन पाठीवर होतं, म्हशी चरायला निघाल्या होत्या, कुठूनतरी दूध उतू गेल्याचा वास येत होता, आणि दुपारपर्यंत मला कळलं की मी गुणगुणतोय.

सांधून झालं, पण नुसत्या पिळाचा जोड टिकत नाही. आडवा धागा भरायला हवा. आणि मी, विणकर माणूस, घरातून धागा न घेता निघालो होतो! आत्यानं कपाळाला हात लावला. मग मी त्या पदराचंच कापलेलं टोक उसवून बोटभर धागे काढले. सुई आत्याकडं होती, घोंगडी शिवायची, जाड. एका बाजूनं मी, दुसऱ्या बाजूनं ती, आडवे धागे भरत मधे आलो. तिचा हात माझ्यापेक्षा बारीक चालत होता. ते मी बोलून दाखवलं तर म्हणाली, माझं ध्यान पत्रात नसतंय. पत्राची गोष्ट मीच सांगितली होती, चूक केली.

म्हशी घरी येताना काम झालं. जोडाच्या जागी बोटभर रुंदीची विरळ पट्टी राहिली होती, जाळीसारखी. नवरीनं त्याच्यातून डोळा लावून मला बघितलं आणि सांगितलं की पलीकडचं दिसतंय. आई म्हणाली, दिसू दे.

सोमवारी लग्न लागलं. मी कडेला उभा होतो, पण माझं लक्ष भटजीकडं नव्हतं, नवऱ्याकडंही नव्हतं. मी त्या पट्टीकडं बघत होतो. पाठवणीच्या वेळी आई पुढं आली. नवरीनं पदर पसरला. ओंजळभर तांदूळ पडले, हळकुंड, सुपारी, मग नारळ. नारळ चांगला मोठा, सोललेला नव्हे. पदर खाली वाकला. पट्टी ताणली गेली. मी मनातल्या मनात एकेक धागा मोजत होतो. आत्या माझ्या शेजारी उभी होती आणि तिची नजरही त्या पट्टीवरच होती. आईनं अजून एक ओंजळ तांदूळ घातले.

धरलं. एक धागा सुटला नाही.

आत्यानं माझ्या पाठीवर असा गुद्दा मारला की टोपी पडली. मग ढोल वाजले. पांढरे घोळदार अंगरखे घालून बाप्ये गोल धरून नाचायला लागले, सावकाश, पावलाला पाऊल जुळवून. मामांनी मला ओढून रिंगणात घेतलं. मला नाचता येत नाही, आयुष्यात तेव्हा पहिल्यांदा नाचलो. पलीकडं बायकांनी फुगडीचा फेर धरला होता. माझं पाऊल सारखं उलट पडायचं आणि शेजारचा म्हातारा दर वेळी खांद्यानं ढकलून मला सरळ करायचा, न बोलता. वर झाडांच्या शेंड्यांवर ऊन होतं. मला काळजी आठवली नाही. किती वेळ, ते सांगता येत नाही, पण आठवली नाही.

निघताना नवरीच्या आईनं पळसाच्या पानांत बांधलेला लोण्याचा गोळा माझ्या हातात दिला. हा तुझ्या आप्पांना, म्हणाली. आणि मला म्हणाली, दिवाळीला येत जा, भनीकडं येत्यात तसं. मामा रस्त्यापर्यंत सोडायला आले. मला एकट्याला सोडायचं नाही असं आत्यानं बजावलं होतं. हा कुणाला बी पत्ता इचारतोय.

मंगळवारी दुपारी गल्लीत शिरलो तेव्हा सगळी काळजी परत आली होती. मी रविवारी यायचा तो मंगळवारी आलो होतो. गल्लीच्या तोंडाशीच कान देऊन उभा राहिलो, आमच्या मागाचा आवाज येतोय का. कुणी दुसरा बसला असेल तर तो धोट्याच्या आवाजावरून मला कळला असता. आवाज नव्हता. आत गेलो. माझा माग मी सोडला तसाच होता, अर्धवट विणलेलं कापड, त्यावर आक्कांनी धूळ बसू नये म्हणून जुनं धोतर पसरलेलं.

आप्पा पायरीवर बसले होते. मी एका पदराचं लुगडं त्यांच्यापुढं ठेवलं, लोणी ठेवलं, आणि काय झालं ते सांगायला लागलो. मधेच अडखळलो, पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. त्यांनी लुगडं उलगडून पदर बघितला, दोन्ही टोकं बघितली. नारळ घातल्यावर जोड धरला का, एवढंच विचारलं. मी म्हटलं, धरला. सुपारीबिपारी सगळं? सगळं. मग त्यांनी पळसाची पानं सोडली, बोटभर लोणी काढून तोंडात टाकलं आणि डोळे मिटून बसले.

“म्होरल्या येळंला चुकायचं असंल,” ते म्हणाले, “तर दसऱ्याच्या आधी चूक. तवा म्हशींना दूध जास्ती असतंय.”

आक्का आतून म्हणाल्या, त्याला आधी जेवू तर द्या. मी हातपाय धुतले, जेवलो, आणि मागावरचं धोतर काढून खड्ड्यात पाय सोडले.